राखण आणि राजकारण: सिंदखेडच्या देशमुखीतून काय शिकावं

दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातलं गाव. मेहकरकडून सिंदखेड राजामार्गे जालन्याला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर ते वसलं आहे. आज इथे बैलजोडी चोरीला गेली किंवा बांधावरून डोकी फुटली, तर काय करायचं हे लहान मूलही सांगेल. आधी पोलीस पाटलाला कळवायचं आणि मग ठाणं गाठायचं. ठाण्यातला अधिकारी बाहेरून बदलून आलेला असतो, दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदलून जातो आणि तालुक्याच्या राजकारणात कोण कुणाच्या गटात आहे याच्याशी त्याच्या नेमणुकीचा कायद्याने तरी काही संबंध नसतो. ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती किती नवी आहे याचा विसर पडतो. चारशे वर्षांपूर्वी या टापूत बंदोबस्त ज्याच्या हाती होता, त्याच्याच हाती वसूल होता, फौज होती, निवाडा होता आणि कोणत्या बादशहाच्या बाजूने उभं राहायचं हा निर्णयही होता. सिंदखेडचा देशमुख म्हणजे हे सगळं एकत्र. त्या देशमुखीतलं सर्वांत ठळक नाव लखुजी जाधवराव यांचं.

लखुजींची आठवण महाराष्ट्र जिजाऊंचे वडील आणि शिवरायांचे आजोबा म्हणून काढतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक अवघडलेपण येतं. ते निजामशाहीतून मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीकडे आले आणि अखेर दौलताबादेत मारले गेले. हे सांगताना कुणी त्यांच्यावर फितुरीचा शिक्का मारतं, कुणी जाधव-भोसले वैराची कथा पुढे करतं, तर कुणी हा भाग घाईने उरकून जिजाऊंकडे वळतं. माझं म्हणणं असं, की लखुजींचं राजकारण समजून घ्यायचं तर आधी त्यांची राखण समजून घ्यावी लागते. एका परगण्याचा बंदोबस्त वंशपरंपरेने ज्याच्याकडे आहे अशा माणसाचं ते राजकारण होतं. राखण आणि राजकारण एकाच घरात नांदू लागली की काय होतं, हे त्यांच्या मृत्यूपासून पुढची सव्वादोनशे वर्षं सिंदखेडच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

देशमुखी म्हणजे काय, हे मनात स्पष्ट असायला हवं. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे, अशी ती वतनाची उतरंड. राजसत्तेचे अंमलदार येत आणि जात. निजामशाहीचा माणूस जाऊन मोगलांचा येई, पण पाटील आणि देशमुख तेच राहत. रयतेला बी-बियाणं देऊन लावणी करायला लावणं, दुष्काळात परागंदा झालेल्यांना परत आणून वसवणं, वसूल जमवून सरकारात भरणं आणि त्या बदल्यात आपला हक्क घेणं ही त्यांची कामं. पण वसूल येतो तो शांतता असेल तेव्हाच. म्हणून वाटांचं रक्षण, चोर-लुटारूंचा बंदोबस्त आणि त्यासाठी शिबंदी बाळगणं हे वतनाचं अंगभूत काम होतं. गावपातळीवर चोरीचा माग काढण्याची रीत मोठी नेटकी होती. राखणदार पावलांचा माग धरून निघे, माग ज्या गावच्या शिवेत शिरला त्या गावाने तो पुढे न्यायचा, आणि जिथे तो हरवला त्या गावावर भरपाईची जबाबदारी येई. जमिनीचे आणि वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. तिथे देशमुख-देशपांडे, पाटील, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत आणि निर्णयाचा महजर होई, त्यावर प्रत्येकाची निशाणी उमटे. तपास, बंदोबस्त आणि निवाडा ही आज वेगवेगळ्या यंत्रणांत विभागलेली कामं तेव्हा एकाच बैठकीत होत.

इथे एक रास्त आक्षेप येतो. देशमुखाला बंदोबस्ताचा प्रमुख म्हणणं म्हणजे आजची चौकट जुन्या काळावर लादणं नव्हे काय? तो मुळात जमीनदार आणि लढवय्या सरदार होता, पोलीस ही कल्पनाच नंतरची. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्या काळाकडे पगारी, गणवेशातल्या, फक्त कायद्याला बांधील अशा दलाच्या नजरेने पाहता कामा नये. पण रात्री शिवारात कुणी जागायचं, वाटसरूला लुटलं तर कुणी जबाब द्यायचा आणि दंगा झाला तर कुणाचे स्वार धावायचे, हे प्रश्न त्या काळच्या रयतेलाही होते. त्यांचं उत्तर वतनदार असंच होतं. पेशवाईत पुण्यासारख्या शहराला कोतवाल मिळाला, खेड्यापाड्यांना मात्र पाटील-देशमुखांपलीकडे कुणी नव्हतं. नाव कोणतंही द्या, काम तेच होतं. लखुजींच्या आयुष्याचा अर्थ लावताना त्यांच्या मनसबीइतकंच हे कामही ध्यानात घ्यायला हवं.

आता हे काम ते कुठे करत होते ते पाहू. १५९६ साली चांदबिबीने अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड मोगलांना तोडून दिलं. १६०० साली अहमदनगरचा किल्लाही पडला. पण निजामशाही संपली नाही. मलिक अंबरने ती उभी ठेवली आणि पुढची पंचवीस वर्षं घाटावरचा हा सारा मुलूख दोन सत्तांच्या मधोमध सापडला. उत्तरेला बाळापूर हे मोगलांचं वऱ्हाडातलं मोठं ठाणं, पश्चिमेला जालना, त्यापलीकडे दौलताबाद आणि अंबरने वसवलेली खडकी. सिंदखेड या दोहोंच्या वाटेवर. ज्याची फौज आज वरचढ, त्याचा अंमल आज; चार महिन्यांनी दुसऱ्याचा. १६१६ साली जालन्याजवळ रोशनगावला मोगलांनी अंबरचा पराभव केला. त्याआधी निजामशाहीतले बरेच असंतुष्ट सरदार बाळापुरास मोगल सेनापती शाहनवाजखानाला जाऊन मिळाले होते, आणि जहांगीरच्या आत्मवृत्तात त्यांच्यात जादूराय, म्हणजे जाधवराव, हे नाव येतं. १६२१च्या सुमारास जाधवराव पक्केपणी मोगलांकडे गेले. साऱ्या घराण्याला मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वारांची मनसब दिल्याचं मासिर-उल-उमरा हा मोगल सरदारांचा चरित्रग्रंथ सांगतो. १६२४ साली भातवडीच्या लढाईत ते मोगलांच्या बाजूला होते, तर त्यांचे जावई शहाजीराजे निजामशाहीच्या.

या पक्षांतराचं लोकप्रिय कारण म्हणजे खंडागळे सरदारांच्या बिथरलेल्या हत्तीवरून पेटलेलं जाधव-भोसल्यांचं वैर. बखरींनी ही हकीकत रंगवून सांगितली आहे, आणि त्या भांडणात दोन्ही घरांतली तरणीताठी माणसं गेली हे दुःख खरंच असेल. पण घरगुती वैराने एक माणूस दुखावतो. सगळ्या निजामशाहीभर सरदारांची जी ये-जा चालली होती तिचा उलगडा त्याने होत नाही. बाजू बदलणाऱ्या उदाराम, बाबाजी काटे, आदमखान, याकूतखान या इतर सरदारांचं भोसल्यांशी असं कोणतंही भांडण नव्हतं. त्यांचंही तेच झालं, कारण त्यांचीही वतनं, जहागिरी आणि माणसं त्याच सीमेवरच्या मुलखात होती. नोकरी दरबाराची असली तरी मुळं जमिनीत होती. दरबार हरला तर सरदार दुसरा दरबार शोधू शकतो, पण देशमुखी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ज्याच्या घोड्यांच्या टापांखाली पुढच्या हंगामातलं पीक तुडवलं जाणार, त्याच्याशी जमवून घेणं हा सीमेवरच्या वतनदाराच्या कामाचाच भाग होता.

यावर दुसरा, अधिक कठोर आक्षेप असा, की हे सगळं स्वार्थाला दिलेलं गोंडस नाव आहे. लखुजींना रयतेची काळजी होती की मनसबीची हाव, हे कसं ठरवायचं? मी त्यांना निःस्वार्थी ठरवू पाहत नाही. २४,००० जातीची मनसब ही साधी गोष्ट नव्हती, आणि सिंदखेडला आजही दिसणारे काळाकोटाचे दगड, पुतळा बारव, मोती तलाव हे सामर्थ्याच्या आणि संपत्तीच्या महत्त्वाकांक्षेची साक्ष देतात. मुद्दा असा, की वतनदाराचा स्वार्थ आणि परगण्याची शांतता या दोन गोष्टी तेव्हा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या, की त्या वेगळ्या करणं त्या माणसालाही शक्य नव्हतं. उजाड परगण्यातून हक्क मिळत नाही. आणि मनसबदाराच्या घोडदळाशिवाय परगणा राखता येत नाही. या व्यवस्थेत चांगला माणूसही राजकारणात ओढला जातो आणि वाईट माणसालाही राखणदाराचा मान मिळतो. दोष शोधायचाच तर तो आधी या गुंत्यात शोधावा लागतो.

त्या गुंत्याने लखुजींचा बळी घेतला. मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि निजामशाहीला सांभाळणारा हात गेला. १६२७ मध्ये जहांगीरचा मृत्यू झाला. त्या गोंधळात दक्षिणेतला मोगल सुभेदार खानजहान लोदी याने बालाघाटाचा मुलूख तीन लाख होनांच्या बदल्यात निजामशहाला परत दिला. सिंदखेड ज्या घाटमाथ्यावर आहे, त्याच टापूचा हा सौदा होता. म्हणजे परगण्याच्या मालकाने आपला मुलूख विकला आणि तिथला राखणदार एका रात्रीत परक्याच्या हद्दीत आला. जाधवराव निजामशाहीत परतले ते या पार्श्वभूमीवर. पण दोनदा बाजू बदललेल्या बलाढ्य वतनदारावर दरबाराचा विश्वास उरला नव्हता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेत मुजऱ्यासाठी आलेल्या लखुजींवर घात झाला. ते, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे तिथेच मारले गेले. मागे राहिलेलं कुटुंब सिंदखेडला निसटलं आणि मोगलांच्या आश्रयाला गेलं. पुढच्याच वर्षी शहाजीराजेही निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. त्यानंतरचा भीषण दुष्काळ, १६३३ मध्ये पडलेला दौलताबाद आणि १६३६ मध्ये संपलेली निजामशाही हा सारा क्रम पाहिला, तर त्या दिवशी दरबाराने आपल्याच खांबावर घाव घातला असं म्हणावं लागतं.

ही केवळ दख्खनची गोष्ट नाही, हे पटवायला युरोपातलं एक उदाहरण उपयोगी पडेल. ओस्मानी साम्राज्य मोडकळीस आलं तेव्हा अल्बेनियात एसाद पाशा तोप्तानी नावाचा तिराना परिसरातला जमीनदार सशस्त्र पोलीस दलाचा प्रमुख होता, आधी यानिनात आणि मग श्कोदरमध्ये. १९०८ साली तो इस्तंबूलच्या संसदेत प्रतिनिधी झाला. १९०९ मध्ये सुलतान अब्दुल हमीदला पदच्युत केल्याचं सांगायला गेलेल्या मंडळात तो होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये अल्बेनिया स्वतंत्र झाला. एप्रिल १९१३ मध्ये वेढ्यात सापडलेलं श्कोदर त्याने माँटेनिग्रोच्या हवाली केलं आणि आपले सैनिक शस्त्रांसह बाहेर काढले. त्याच वर्षी दुर्रस इथे त्याने स्वतःचं वेगळं सरकार थाटलं. १९१४ साली तो नव्या राजाचा गृह आणि युद्धमंत्री होता, आणि त्याच वर्षी बंडाच्या संशयावरून हद्दपार झाला. १३ जून १९२० रोजी पॅरिसमध्ये अवनी रुस्तेमी या तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. लखुजी आणि एसाद यांच्यात तीन शतकांचं आणि दोन खंडांचं अंतर आहे, चारित्र्याची तुलनाही मला करायची नाही. पण रचना तीच आहे. मोठी सत्ता कोसळते आहे, नवी अजून उभी नाही, आणि मधल्या काळात मुलखाची शांतता ज्याच्या हातात आहे तोच राजकारणाचा सौदागर होतो. प्रत्येक बाजूला त्याची गरज असते आणि प्रत्येक बाजू त्याला फितूर समजते. अशा माणसाचा शेवट बहुधा घाताने होतो.

सिंदखेडला ही रचना लखुजींबरोबर संपली नाही. १७२४ साली याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने मोगल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव करून दख्खनवर आपला अंमल बसवला. सिंदखेडचे जाधव त्या नव्या सत्तेच्या पदरी राहिले. १७५७च्या डिसेंबरात मराठ्यांच्या फौजा आणि निजाम अली यांची गाठ सिंदखेडलाच पडली, आणि निजामाकडे असलेले रामचंद्र जाधव गढीत अडकले. शिवरायांच्या आजोळचं घर आणि शिवरायांच्या राज्याचे वारस पेशवे अशी ही लढाई. वतनाने नात्यावर मात केली. शेवटचा अंक १८५१चा. देऊळगाव राजा इथे बाजीराव जाधवांच्या शिबंदीतल्या अरबांनी निजामाच्या फौजेशी झुंज दिली, घराण्याची वतनं जप्त झाली आणि बाजीराव १८५६ मध्ये दौलताबादेत राजकैदी म्हणून वारले. राखणीसाठी पदरी ठेवलेली शिबंदीच घराण्याच्या नाशाचं कारण झाली. सव्वादोनशे वर्षांच्या अंतराने एकाच किल्ल्यात एकाच घराण्याचे दोन प्रमुख संपले, याला मी योगायोग मानत नाही. ज्याच्या हाती बंदोबस्ताची शस्त्रं आहेत आणि जो राजकारणातही आहे, त्याला कोणतीही सत्ता फार काळ सहन करू शकत नाही.

आतापर्यंत बोललो ते घोड्यावर बसणाऱ्यांविषयी. या व्यवस्थेचं खरं ओझं ज्यांनी वाहिलं त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही. रात्रीचा पहारा, पावलांचा माग, सरकारी अंमलदाराला वाट दाखवणं, टपाल पुढच्या गावी पोचवणं ही कामं जागल्या आणि महार करत. देशमुखाला वसुलातला हक्क मिळे, पाटलाला मानपान मिळे, आणि ज्याने थंडीवाऱ्यात शीव राखली त्याला बलुत्याच्या चार पायल्या आणि गावकुसाबाहेरचं घर. निवाड्यात त्याची साक्ष घेत, शिवेचा दगड त्याच्या सांगण्यावरून पक्का होई, पण माणूस म्हणून त्याला शिवत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडलं, ते याच अन्यायाविरुद्ध. वंशपरंपरेच्या नावाखाली एका समाजाला अहोरात्र, पुरेशा मोबदल्याशिवाय सरकारच्या आणि गावाच्या राबणुकीला बांधून ठेवणं ही गुलामगिरी आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. वतनी राखणीचं गुणगान करणाऱ्याने आधी या युक्तिवादाला उत्तर दिलं पाहिजे. मला तरी ते सापडलेलं नाही.

निजामाशी झालेल्या १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. इंग्रजांनी देशमुख-देशपांड्यांना कामातून मोकळं करून त्यांचे हक्क ठरवून दिले. परगण्याची राखण अशा रीतीने घराण्यांकडून गेली, आणि जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, ठाणी आणि पगारी शिपाई आले. गावपातळीवर मात्र त्यांनी पाटील आणि पटवारी राखले, कारण त्यांच्याशिवाय गावात पाय ठेवणं कठीण होतं. म्हणजे वरचा मजला पाडला, तळमजला तसाच ठेवला. तो बदलायला स्वातंत्र्य यावं लागलं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुलकी पाटलाचं पद रद्द करणारा कायदा १९६२ साली झाला. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद कुळाच्या वारशातून काढून नेमणुकीचं केलं. गुन्ह्याची खबर देणं, गावाची परिस्थिती दंडाधिकाऱ्याला कळवणं, गुन्हा घडू नये म्हणून झटणं ही कामं तीच राहिली. मात्र ती करणारा माणूस कोणत्याही जातीचा असू शकतो आणि स्त्रीही असू शकते. मुदत संपली की त्याची नेमणूक नव्याने तपासली जाते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. ठाण्याचा अधिकारी परगावचा, त्याला गावाची भाषा, वैरं, सोयरिकी ठाऊक नसतात. राजकारणाने तर ठाण्यालाही सोडलेलं नाही. मग जुनी राखण मोडून मिळवलं काय? स्थानिक ओळखीशिवाय बंदोबस्त होत नाही, हे शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच पोलीस पाटील हे पद राखलं गेलं, आणि त्याच्या मानधनाकडे व अधिकाराकडे आजच्यापेक्षा अधिक गांभीर्याने पाहायला हवं. पण ओळख हवी म्हणून मालकी द्यायची नसते. ठाणेदारावर आज राजकीय दबाव येतो, हे तर वेगळेपणाची भिंत अजून उंच हवी याचंच प्रमाण आहे. दबाव आणणारा बेकायदा वागतो, हे आज म्हणता तरी येतं. लखुजींच्या काळी राखणदाराने राजकारण करणं हाच कायदा होता, आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागाच नव्हती, ना रयतेला, ना खुद्द राखणदाराला.

म्हणून सिंदखेडच्या देशमुखांकडे पाहताना फितुरीचा शिक्का आणि वीरपूजा दोन्ही बाजूला ठेवायला हवीत. लखुजी जाधवराव एका अशक्य कामावर होते. सीमेवरचा मुलूख राखायचा, दोन बादशहांना राजी ठेवायचं आणि घराणं टिकवायचं. ते त्यांनी बराच काळ निभावलं, आणि त्याच कामाने त्यांचा, दोन मुलांचा आणि एका नातवाचा जीव घेतला. त्यांच्याबद्दलचा आपला आदर त्यामुळे कमी होत नाही, तो अधिक समजुतीचा होतो. आणि या टापूतल्या माणसांनी त्यातून एक गोष्ट आग्रहाने धरावी: गावाची राखण करणारा माणूस कुणाच्याही गटाचा नसावा, कुणाच्याही घराण्याचा नसावा, आणि रात्र जागणाऱ्याला त्याचा पुरा मोबदला आणि पुरा मान मिळावा. यातली प्रत्येक अट इथल्याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या किंमत मोजून सिद्ध केली आहे. आज ती मोडू पाहणारा कोणत्याही पक्षाचा असो, त्याला अडवण्याचा हक्क दुसरबीडच्या प्रत्येक नागरिकाला आहे.